कॅफेतील व्हीगन केक, कुकी आणि त्यांचे पोषण: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आसगाव, हणजूण, मांद्रे, हरमल या पट्ट्यातील कॅफेंच्या काचेच्या कपाटात 'व्हीगन' अशी चिठ्ठी लावलेले केक, मफिन आणि कुकी दिसू लागल्याला आता बराच काळ लोटला आहे, आणि पणजी, मडगाव व फोंड्यातील कॅफेही त्यात मागे राहिलेले नाहीत. फोंड्यात घरगुती बेकिंगचे वर्ग घेताना या पदार्थांविषयी मला जे प्रश्न पुनःपुन्हा विचारले जातात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. पोषणाचे आकडे सर्वसाधारण अन्नघटक-तक्त्यांवर आधारलेले आणि सोयीसाठी पूर्णांकात आणलेले आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष पदार्थात थोडाफार फरक पडणारच.

व्हीगन म्हणजे शिवराकच ना?

नव्हे, आणि बहुतेक घोटाळा येथूनच सुरू होतो. आपल्याकडे श्रावणात किंवा सोमवारी ज्याला आपण शिवराक जेवण म्हणतो, त्यात मासे, मटण आणि अंडी वर्ज्य असतात, पण दूध, दही, ताक आणि तूप यांना कोणी हरकत घेत नाही, उलट नैवेद्याच्या पानावर तूप वाढले नाही तर घरातील वडीलधारी माणसे नाराज होतात. व्हीगन आहारात मात्र प्राण्यांपासून मिळणारी कोणतीही वस्तू चालत नाही. दूध, लोणी, तूप, खवा, दुधाची भुकटी, अंडी, मध आणि जिलेटिन हे सारे त्यातून बाद होते. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली तेव्हा रूढ झाला. थोडक्यात, प्रत्येक व्हीगन पदार्थ शिवराक असतो, पण प्रत्येक शिवराक पदार्थ व्हीगन असेलच असे नाही.

'एगलेस' असे लिहिलेला केक व्हीगन समजावा का?

समजू नये. भारतातील बेकऱ्यांमध्ये अंड्याविना केला जाणारा केक बहुधा आटवलेले गोड दूध, दही किंवा ताक यांच्या आधारावर उभा असतो, आणि त्यावरील मलई तर दुधाचीच असते. काही ठिकाणी वनस्पतिजन्य मलई वापरतात. परंतु तिच्या डब्यावरील घटकांची यादी वाचल्यास तीत दुधातील प्रथिन, म्हणजे केसिनेट, अनेकदा आढळते. माझ्या एका विद्यार्थिनीने दुधाची ॲलर्जी असलेल्या भाच्यासाठी एका दुकानातून 'एगलेस म्हणजे व्हीगनच' या आश्वासनावर केक नेला आणि संध्याकाळ दवाखान्यात काढली. विक्रेत्याच्या मनात वाईट हेतू नव्हता, त्याला फरकच ठाऊक नव्हता. म्हणूनच प्रश्न 'व्हीगन आहे का' असा न विचारता 'दूध, लोणी, तूप, दुधाची भुकटी, यांपैकी काही आहे का' असा विचारावा.

पाकिटावरील हिरव्या ठिपक्यावर विसंबता येते का?

हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो आणि दूध त्या व्याख्येत बसते. व्हीगन पदार्थांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र विनियम आणले, आणि त्यांनुसार पाकिटावर हिरव्या चौकटीत 'व्ही' हे रोमन अक्षर व त्यावर लहानसे रोप असे चिन्ह येते. पाकीटबंद कुकी घेताना ते शोधावे. कॅफेच्या कपाटातील सुट्या तुकड्यावर मात्र असे चिन्ह छापलेले नसते, तेथे हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि विक्रेत्याचा शब्द एवढाच आधार असतो.

अंडे आणि लोणी नसताना केक फुगतो आणि बांधला जातो तो कसा?

अंडे केकमध्ये तीन कामे करते: भाजताना घट्ट होऊन पिठाला बांधते, फेटल्यावर हवा धरून ठेवते आणि आपल्या बलकातील लेसिथिनमुळे तेल व पाणी एकजीव करते. ही तिन्ही कामे करणारी एकच वनस्पतिजन्य वस्तू नाही, म्हणून बेकर कामांची वाटणी करतो. बांधण्यासाठी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवली की दहा मिनिटांत ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी चिकट होते, आणि एका अंड्याच्या जागी एवढे मिश्रण पुरते. कुस्करलेले केळे किंवा शिजवलेला भोपळाही हेच काम करतो, मात्र आपली चव मागे ठेवून जातो. फुगवण्याचे काम खाण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ यांच्या भेटीतून निघणारा कर्बवायू करतो. शहरातील पाककृतींत त्यासाठी सफरचंदाचे महागडे व्हिनेगर सांगितलेले असते, पण माडाच्या सुरेचे जे व्हिनेगर आपल्या स्वयंपाकघरात सोरपोतेल आणि लोणच्यासाठी असतेच, त्याचा एक चमचाही तितकेच काम करतो आणि भाजल्यावर त्याचा वासही उरत नाही.

हवा धरून ठेवण्याची युक्ती सर्वांत अलीकडची आहे. काबुली चणे शिजवल्यावर उरणारे घट्टसर पाणी फेटले तर त्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा शुभ्र फेस होतो, हे २०१४ मध्ये झोएल रोसेल या फ्रेंच गायकाने लोकांसमोर आणले, आणि पुढच्या वर्षी त्या पाण्याला 'ॲक्वाफाबा' हे नाव मिळाले. आपण ज्याला उसळीचे पाणी म्हणतो त्याचाच हा भाऊबंद. अशा फेसापासून केलेली मेरेंग, म्हणजे साखर घालून भाजलेली हलकी मिठाई, कॅफेच्या कपाटात दिसली तर ती जरूर चाखावी. पोषण म्हणून त्यात साखरेखेरीज फारसे काही नसते, पण कौशल्य म्हणून ती दाद देण्याजोगी आहे.

मुख्य प्रश्न: व्हीगन केक नेहमीच्या केकपेक्षा पौष्टिक असतो का?

केवळ व्हीगन आहे म्हणून नसतो. 'व्हीगन' हा शब्द पदार्थात काय नाही ते सांगतो. काय आहे, आणि किती आहे, याविषयी तो मौन बाळगतो. याचा अंदाज यावा म्हणून जवळजवळ प्रत्येक कॅफेत मिळणारा बनाना ब्रेड घेऊ आणि त्याचा हिशेब मांडू.

एका लोफसाठी २०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, ९० ग्रॅम तेल आणि सोललेली ३०० ग्रॅम पिकलेली केळी घेतली, तर मैद्यातून सुमारे ७००, साखरेतून ६००, तेलातून ८१० आणि केळ्यांतून २७० किलोकॅलरी येतात. बेरीज २,३८० होते आणि लोफचे आठ तुकडे केले तर एका तुकड्यामागे जवळपास ३०० पडतात. आता याच लोफमध्ये तेलाऐवजी तितकेच लोणी आणि शिवाय दोन अंडी घाला. लोण्यात थोडे पाणी असल्याने त्यातून तेलापेक्षा सुमारे १६० किलोकॅलरी कमी येतात, दोन अंडी १४० ची भर घालतात, आणि तुकडा पुन्हा ३०० च्या आसपासच येऊन थांबतो. म्हणजे वजनाच्या चिंतेने जो माणूस साधा तुकडा टाळून व्हीगन तुकडा घेतो, त्याच्या पदरात उष्मांकांच्या बाबतीत काहीही पडलेले नसते.

फरक पडतो तो इतरत्र. व्हीगन तुकड्यात कोलेस्टेरॉल अजिबात नसते. प्रथिने तीन ग्रॅमच्या घरात असतात, तर अंड्याच्या तुकड्यात साडेचार. हा फरक दीड ग्रॅमचा आहे आणि एका वाटी वरणापुढे तो नगण्य आहे. सर्वांत मोठा फरक संपृक्त मेदाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) असतो, आणि तो व्हीगन असण्यावर नव्हे, तर कोणते तेल वापरले यावर अवलंबून असतो. सूर्यफुलाचे तेल असेल तर तुकड्यामागे एक ग्रॅमच्या किंचित वर, लोणी असेल तर पावणेसहा ग्रॅमच्या आसपास, आणि खोबरेल तेल असेल तर नऊ ग्रॅमहून अधिक. एका बाजूला व्हीगन केक लोण्याच्या केकपेक्षा पुष्कळ बरा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याहून वाईट ठरू शकतो, आणि चिठ्ठी मात्र दोन्हींवर एकच.

पण खोबरेल तेल तर आपल्या पूर्वापार खाण्यातले आहे, ते वाईट कसे?

ते वाईट आहे असे येथे म्हटलेले नाही. आपल्या आजीच्या स्वयंपाकात खोबरेल तेल होते हे खरे, पण त्याहून अधिक होता तो नारळ स्वतः: आमटीत वाटलेला, भाजीवर पेरलेला, सोलकढीत पिळलेला. ओल्या खोबऱ्याबरोबर तंतू येतात, पाणी येते, आणि प्रमाणाला आपोआप लगाम बसतो. गाळलेल्या तेलात यातले काहीच नसते. ते शंभर टक्के मेद असते आणि त्यातला ८० टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त असतो, तर लोण्यात हे प्रमाण सुमारे ५० टक्के आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक संपृक्त मेदातून यावेत, म्हणजे २,००० किलोकॅलरींच्या आहारात सुमारे २२ ग्रॅम. खोबरेल तेलाच्या एका तुकड्याने त्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा चहाच्या वेळीच संपतो, आणि रात्री जेवणात हुमण किंवा शागोती असेल तर नारळाचा आणखी एक हप्ता यायचाच असतो.

बेकर खोबरेल तेलाकडे का वळतात, यालाही कारण आहे. ते साधारण २४ ते २५ अंशांखाली गोठते, त्यामुळे थंड कपाटात ठेवलेल्या केकवरील थर लोण्याच्या थरासारखा ताठ राहतो. गोव्याच्या उन्हात मात्र तो थर पार्किंगपर्यंतही टिकत नाही.

वनस्पती तूप आणि मार्गारिनचे काय?

दोन्ही बहुधा वनस्पतिजन्य असतात, म्हणूनच गल्लीतल्या बेकरीतले कित्येक पॅटीस आणि खारी, कोणी तसे ठरवलेले नसताना, व्हीगन निघू शकतात. काही मार्गारिनमध्ये मात्र दुधाचे घटक असतात. पूर्वीची मोठी अडचण ट्रान्स मेदाची होती, जो तेल अर्धवट हायड्रोजनित करताना तयार होतो आणि हृदयाला सर्वांत घातक समजला जातो. १ जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातील या मेदाची मर्यादा २ टक्क्यांवर आणलेली आहे. त्यामुळे परिस्थिती सुधारली असली, तरी थरांच्या पेस्ट्रीत मेदाचे एकूण प्रमाण एवढे असते की तिला रोजचा पदार्थ करू नये.

साखरेऐवजी गूळ, माडाचा गूळ किंवा खजूर असेल तर?

चव निश्चित सुधारते. माडाच्या काळ्या गुळाची धुरकट, किंचित खारट गोडी केळ्याबरोबर इतकी जुळते की साध्या साखरेचा बनाना ब्रेड त्यापुढे अळणी वाटावा. परंतु पोषणाचा हिशेब फारसा बदलत नाही: वरील लोफमध्ये १५० ग्रॅम साखरेच्या जागी तेवढाच गूळ घातला तर तुकड्यामागे चार किलोकॅलरीही वाचत नाहीत. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे, पण ती लक्षणीय प्रमाणात मिळावीत इतका गूळ खाणे हेच मुळात शहाणपणाचे नाही. जागतिक आरोग्य संघटना गूळ, मध आणि पाकसुद्धा साखरेच्याच वर्गात मोजते आणि दिवसाला ५० ग्रॅमची मर्यादा, शक्यतो २५ ग्रॅम, असे सांगते. आपल्या तुकड्यात १९ ग्रॅम साखर आहे. कॉफीत एक चमचा घातला की २५ ची रेघ जवळजवळ गाठली जाते.

खजुराचे तसे नाही. अख्खा खजूर वाटून घातला तर साखरेबरोबर त्याचे तंतूही येतात आणि तो साखरेइतका दाट गोड नसल्याने वजनाच्या मानाने उष्मांकही कमी असतात. फक्त 'साखर न घातलेला' ही चिठ्ठी 'गोड नसलेला' अशी वाचू नये.

मैद्याऐवजी गहू किंवा नाचणी वापरली असेल तर खरोखर लाभ होतो का?

होतो, आणि माझ्या मते कपाटासमोर उभे राहून निवड करताना सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे. १०० ग्रॅम मैद्यात जेमतेम तीन ग्रॅम तंतू असतात आणि तेवढ्याच कणकेत सुमारे अकरा. केवळ मैद्याच्या जागी कणीक घेतल्याने बनाना ब्रेडच्या तुकड्यातील तंतू पावणेदोन ग्रॅमवरून साडेतीन ग्रॅमच्या वर जातात, आणि चवीत फारसा तोटा होत नाही, कारण केळे पिठाचा रांगडेपणा झाकून टाकते. नाचणीत तर १०० ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, जे दूध सोडणाऱ्याच्या दृष्टीने मोलाचे आहे. तिच्यात ग्लूटेन, म्हणजे पिठाला बांधून ठेवणारे गव्हातील प्रथिन, नसल्याने नुसत्या नाचणीचा केक भुसभुशीत होतो. निम्मी कणीक आणि निम्मी नाचणी हे प्रमाण वर्गात नेहमी जमून आले आहे. मात्र नाव नाचणीचे आणि पिठात मूठभर नाचणी, असाही प्रकार चालतो, म्हणून प्रमाण विचारण्यास संकोच करू नये.

व्हीगन म्हणजे ग्लूटेनविरहितही का?

दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. गव्हाचा केक पूर्णपणे व्हीगन असू शकतो, आणि बदामाच्या पिठाचा ग्लूटेनविरहित केक अंड्यांवर उभा असू शकतो. सिलिॲक विकार असलेल्या, म्हणजे ग्लूटेन अजिबात न सोसणाऱ्या, व्यक्तीने तर एकाच ओट्यावर, एकाच भांड्यात मैदा हाताळला जातो का, हेही विचारले पाहिजे.

आपल्या पारंपरिक गोडधोडात व्हीगन काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला नेहमीच आवडते, कारण ज्यासाठी कॅफेत पाहुण्या नावाचे पदार्थ शोधले जातात त्यातले बरेच काही आपल्या घरात आधीपासून आहे. तवसळीच पाहा. पिकून पिवळे पडलेले मोठे तवसे, म्हणजे काकडी, किसून, त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला हा केकच आहे. त्यात ना अंडे, ना दूध, ना सोडा, आणि ओलावा सगळा तवशाच्या पाण्याचा. भांड्याला तूप लावण्याची पद्धत असेल तेथे तेल लावले की तो पूर्णपणे व्हीगन होतो. कोकणात यालाच धोंडस म्हणतात. मैदा आणि भरपूर तेल नसल्याने पोषणाच्या दृष्टीनेही तो कपाटातील बहुतेक मफिनांपेक्षा सरस आहे, फक्त गुळावर हात आखडता हवा.

भट्टीबाहेरचे पदार्थ धरले तर यादी लांबते. हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्यो, चण्याची डाळ, साबुदाणा आणि नारळाच्या रसाचे मणगणे, तसेच तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ घोटून केलेला दोदोल हे मुळातच दुग्धविरहित आहेत. दोदोल मात्र जपून खावा. नारळाचा रस आटवून आटवून त्याचे तेल सुटेपर्यंत घोटलेला पदार्थ हलका कसा असेल? याउलट बेबिंका, ज्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्यात नारळाच्या रसाबरोबर अंड्यांचे पिवळे बलक आणि तूप हेच मुख्य असतात. बाथ हा रवा-नारळाचा केक आणि बोलिन्हा ही नारळाची बिस्किटे, यांतही अंडी असतात. नारळ आहे म्हणून व्हीगन असेल, हा पर्यटकांचा समज या तीन पदार्थांनी अनेकदा खोटा ठरवला आहे. काही कॅफे 'व्हीगन बेबिंका' करतात. ती चवीला बरी असेलही, पण बलकांवाचून तिचे थर तसे जमत नाहीत, आणि तिला वेगळे नाव दिलेले बरे असे माझे स्पष्ट मत आहे.

सकाळी भोंगा वाजवत दारी येणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, तर या चर्चेत मानाचे पान हवे. उंडो, कोंड्यात घोळलेली पोई आणि कडक कांकणे ही पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचीच बनतात. पूर्वी यीस्टऐवजी माडाची सूर घालत असत. कोंड्यामुळे पोईत पांढऱ्या पावापेक्षा तंतू अधिक असतात. गरम पोई आणि काजूचे किंवा शेंगदाण्याचे लोणी हा नाश्ता ज्या कॅफेच्या पाटीवर असेल, तेथे मी केकच्या कपाटाकडे वळतही नाही.

न भाजलेल्या 'रॉ' केकचे पोषण कसे असते?

किनाऱ्यालगतच्या कॅफेत मिळणारा हा केक बहुतेक काजू, खजूर, नारळ आणि खोबरेल तेल यांचा, थंड करून थापलेला असतो. त्यात मैदा नसतो, पांढरी साखर नसते आणि काजूंमुळे प्रथिने व खनिजे चांगली असतात. परंतु २०० ग्रॅम काजू, १५० ग्रॅम खजूर, ५० ग्रॅम खोबरेल तेल आणि १०० ग्रॅम नारळाचा घट्ट रस यांचा हिशेब केला तर आठ तुकड्यांत प्रत्येकी सुमारे २८० किलोकॅलरी येतात, आणि तुकडा असतो अवघ्या साठ ग्रॅमचा. काजूचा पदार्थ म्हणून, दोघांत एक, असा खाल्ला तर तो उत्तम आहे.

कॅफेतील पाटीवर उष्मांक का लिहिलेले नसतात?

कारण बहुतेकांवर तशी सक्ती नाही. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांपुढे उष्मांक देणे १ जुलै २०२२ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे मोठ्या साखळी कॅफेंच्या पाटीवर ते सापडतात. गावातील एकांड्या कॅफेला हा नियम लागू होत नाही. तेथे वर दाखवल्याप्रमाणे पीठ, गोडी आणि तेल यांचा अंदाज घेऊन स्वतःच हिशेब करावा. मुठीएवढा केकचा तुकडा अडीचशे ते साडेतीनशेच्या दरम्यान धरला तर सहसा फारशी चूक होत नाही.

सोबतच्या कॉफीत कोणते वनस्पतिजन्य दूध घ्यावे?

प्रथिने हवी असतील तर सोयाचे, कारण त्यात १०० मिलिलिटरमागे सुमारे तीन ग्रॅम प्रथिने असतात, जवळपास गाईच्या दुधाइतकी. ओटच्या दुधात सुमारे एक, बदामाच्या दुधात अर्धा ग्रॅम आणि पातळ नारळाच्या दुधात त्याहूनही कमी असतात. ओटचे दूध साखर न घालताही गोड लागते, कारण ते करताना वापरलेली विकरे (एन्झाइम) ओटमधील पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. कॅल्शियम घातलेले दूध असेल तर तेच निवडावे, आणि पाकीट हलवून घेतात का ते पाहावे, कारण घातलेले कॅल्शियम तळाशी बसते.

आणखी एक गोष्ट. कॉफी आणि चहातील घटक वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण बरेच कमी करतात. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी नाचणी-गुळाचा केक लोहासाठी म्हणून कॉफीबरोबर खाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा त्यासोबत लिंबाचे सरबत घ्यावे, कारण क जीवनसत्त्व त्याच लोहाचे शोषण वाढवते.

मधुमेह असलेल्यांनी व्हीगन केक खावा का?

आपल्या उदाहरणातील तुकड्यात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदके आहेत, म्हणजे जवळपास तीन छोट्या चपात्यांएवढी, आणि त्यातील बराच भाग झटपट रक्तात उतरणारा. दूध-अंडी काढल्याने साखरेवर काहीच परिणाम होत नाही. खायचाच असेल तर अर्धा तुकडा, जेवणानंतर आणि त्या जेवणातील भात तेवढा कमी करून खावा. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर प्रमाणाविषयी आपल्या डॉक्टरांशीच बोलावे.

मुलांच्या डब्यात द्यावा का? आणि बी-१२ चे काय?

कधीमधी जरूर द्यावा. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे काजू-बदाम असलेले तुकडे देऊ नयेत, घशात अडकण्याची भीती असते. शाळेत इतर मुलांना काजू, शेंगदाणे किंवा सोया यांची ॲलर्जी असू शकते, आणि व्हीगन पदार्थांत नेमके हेच तीन घटक जास्त असतात, याचे भान ठेवावे. बी-१२ जीवनसत्त्वाविषयी बोलायचे तर ते वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. केकमध्ये जवस, नाचणी, काजू काहीही घातले तरी ते येत नाही. संपूर्ण व्हीगन आहार घेणाऱ्यांना ते मुद्दाम घातलेले अन्न किंवा गोळी लागतेच. केवळ कॅफेत व्हीगन मफिन खाऊन घरी बांगड्याचे हुमण जेवणाऱ्यांनी याची काळजी करण्याचे कारण नाही.

घरी आणलेला तुकडा किती दिवस टिकतो?

गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, केळ्याचा किंवा भोपळ्याचा ओलसर केक बाहेर एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. बुरशी आधी तळाशी, कागदाच्या बाजूला धरते, म्हणून खाण्यापूर्वी तुकडा उलटून पाहावा. नारळाच्या मलईचा थर असलेला केक दोन तासही बाहेर ठेवू नये. बनाना ब्रेडचे तुकडे वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवले तर महिनाभर चांगले राहतात, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकले की ताज्यापेक्षाही रुचकर लागतात.

व्हीगन पदार्थ इतके महाग का असतात?

बदामाचे पीठ, आयात केलेले ओटचे दूध, वनस्पतिजन्य लोणी आणि काजू यांचे भाव पाहता चीजकेकसारख्या पदार्थाची किंमत समजण्याजोगी आहे. पण मैदा, साखर, सूर्यफुलाचे तेल आणि केळी यांच्या बनाना ब्रेडला, ज्यातून लोणी आणि अंडी ही महागडी सामग्री वगळलेली आहे, नेहमीच्या तुकड्यापेक्षा जास्त दाम लावण्याचे कारण मला आजवर कोणत्याही कॅफेमालकाने पटवून दिलेले नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून काळी पडलेली साळदाटी केळी स्वस्तात आणावीत आणि वर दिलेल्या प्रमाणात दोन चमचे जवसाची पूड, एक चमचा खाण्याचा सोडा व एक चमचा व्हिनेगर घालून लोफ घरीच भाजावा. १८० अंशांवर त्याला पाऊण ते एक तास लागतो, आणि मधोमध खुपसलेली सुरी कोरडी बाहेर आली की तो झाला.